‘रन’ : धावणे, चालणे आणि वाहणे यांच्यामध्ये वावरणारा एक इंग्रजी शब्द

इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येकाला ‘रन’ हा शब्द अगदी सुरुवातीच्या धड्यांत भेटतो आणि त्याचा अर्थ ‘धावणे’ असा सांगितला जातो. तो अर्थ बरोबरच आहे. अडचण अशी की वाचन वाढत जाते तसा हा शब्द अशा ठिकाणी दिसू लागतो, जिथे धावण्याचा मागमूसही नसतो. दुकान ‘रन’ करतात, सर्दीत नाक ‘रन’ होते, धुताना कपड्याचा रंग ‘रन’ होतो, करार पाच वर्षे ‘रन’ होतो, रस्ता नदीच्या कडेने ‘रन’ होतो आणि एखादा गुण घराण्यात पिढ्यानपिढ्या ‘रन’ होतो. शब्दकोश उघडावा तर अर्थांची एवढी लांबलचक यादी समोर येते की ती वाचून माणूस अधिकच गोंधळतो. ती यादी पाठ न करता हा शब्द कसा समजून घेता येईल, याचा विचार करण्यासाठी हा धागा काढत आहे.

यादीच्या लांबीविषयी आधी थोडे सांगतो. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत मोठी नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. तिसऱ्या आवृत्तीसाठी नोंदी नव्याने तपासण्याचे काम सुरू झाल्यावर हा मान आधी ‘मेक’कडे, मग ‘पुट’कडे आणि २०११ च्या सुमारास ‘रन’कडे गेला. केवळ क्रियापद म्हणून या शब्दाचे ६४५ अर्थ तिथे नोंदले गेले आणि ती एक नोंद सिद्ध करण्यासाठी पीटर गिलिव्हर या कोशकारांना नऊ महिने लागले. या वाढीचे एक कारण सहज पटण्याजोगे आहे. आगगाडी, गिरणी, मोटार, संगणक अशी जी जी यंत्रे गेल्या दोन शतकांत आली, त्या प्रत्येकाच्या सुरू असण्याला इंग्रजीने ‘रन’ हेच क्रियापद लावले.

तथापि ६४५ ही संख्या पाहून दडपून जाण्याचे कारण नाही. आपण मराठीत ‘लागणे’ हे क्रियापद कसे वापरतो ते पाहावे. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, दिवे लागतात, वेळ लागतो, घाटातून जाताना गाडी लागते आणि कोणी कोणाचा मामा लागतो. यांतील एकही अर्थ आपण यादीवरून शिकलेलो नाही. ‘लागणे’ म्हणजे काय याची एक जाण आपल्या मनात तयार असते आणि नवा प्रयोग तिच्यात आपोआप बसतो. ‘रन’च्या बाबतीतही अशी जाण तयार करता येते असे माझे मत आहे. ती थोडक्यात अशी : एखादी गोष्ट आपल्या मार्गाने, खंड न पडता, पुढे जात राहणे. वेग हा या शब्दाचा गाभा नव्हे. अखंडपणा आणि मार्ग हा त्याचा गाभा आहे.

शब्दाचा इतिहास या मताला आधार देतो. जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदे होती. ‘रिन्नन’ म्हणजे स्वतः धावणे किंवा वाहणे, आणि ‘अर्नन’ म्हणजे दुसऱ्याला धावायला लावणे, उदाहरणार्थ घोडा दौडवणे. मधल्या काळात ही दोन्ही रूपे, स्कँडिनेव्हियातून आलेल्या ‘रेन्ना’ या सजातीय रूपाचाही प्रभाव पडून, एकमेकांत मिसळली आणि आजचे ‘रन’ तयार झाले. यातून दोन गोष्टी उलगडतात. पहिली अशी की पाणी वाहण्याचा अर्थ धावण्यावरून नंतर लक्षणेने आलेला नाही. तो धावण्याइतकाच जुना आहे. जर्मन भाषेत आजही ‘रेनेन’ म्हणजे धावणे आणि ‘रिनेन’ म्हणजे वाहणे अशी दोन क्रियापदे शेजारी शेजारी आहेत. त्यामुळे नाक, नळ, डोळे, वितळलेली मेणबत्ती आणि कपड्याचा कच्चा रंग यांना इंग्रजी ‘रन’ लावते तेव्हा तिथे कोणी धावत असल्याची कल्पना करण्याची गरजच नाही. मराठीत यासाठी नाक वाहते किंवा गळते, नळ सोडतात, रंग जातो किंवा सुटतो.

दुसरी गोष्ट व्याकरणाची आहे आणि शिकणाऱ्यांचा गोंधळ प्रामुख्याने तिथेच होतो. मराठीत स्वतः करण्याचे आणि करवून घेण्याचे क्रियापद वेगळे असते : चालणे आणि चालवणे, पळणे आणि पळवणे. इंग्रजीत ती दोन रूपे एकात विरघळल्यामुळे ‘द शॉप रन्स वेल’ म्हणजे दुकान चांगले चालते, आणि ‘शी रन्स अ शॉप’ म्हणजे ती दुकान चालवते. क्रियापद तेच राहते. पुढे कर्म आहे की नाही एवढ्यावरून अर्थ ठरवायचा. वाचताना ‘रन’ दिसताच त्याच्या पुढे काय आले आहे हे पाहण्याची सवय लावून घेतली, तर निम्मे अर्थ तिथेच सुटतात.

आता मला सर्वांत रंजक वाटणारा भाग. इंग्रजीत ज्या गोष्टी धावतात, त्यांतील बहुतेक मराठीत चालतात. घड्याळ चालते, यंत्र चालते, संस्था चालते, खटला चालतो, नाटक सहा महिने चालते, वर्ग उन्हाळाभर चालतात. वरवर पाहता दोन भाषांनी दोन वेगळ्या गती निवडल्या आहेत. परंतु नीट पाहिले तर दोघींनी एकच गोष्ट केली आहे. पायांच्या हालचालीचे एक क्रियापद घेऊन त्यातले पाय आणि वेग काढून टाकले आहेत आणि फक्त ‘थांबलेले नसणे’ हा अर्थ ठेवला आहे. आपला ‘चालू’ हा शब्द याची साक्ष देतो. दिवा चालू असतो तेव्हा तो कुठेही जात नसतो. म्हणूनच पुढे पुढे वाढत जाणाऱ्या बेरजेला इंग्रजीत ‘रनिंग टोटल’ म्हणतात, तिला मराठीत ‘चालती बेरीज’ म्हटले की कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. ‘थ्री इयर्स रनिंग’ याचे मात्र ‘सलग तीन वर्षे’ असेच करावे लागते, कारण तिथे मराठीने चालण्याचीही प्रतिमा सोडून दिली आहे.

जिथे प्रत्यक्षात काहीच हलत नाही तिथेही ‘रन’ येतो. रस्ता जंगलातून ‘रन’ होतो, भिंतीवर तडा वरपासून खालपर्यंत ‘रन’ होतो, टेकड्यांची ओळ किनाऱ्याला समांतर ‘रन’ होते. इथे गती वस्तूची नसून पाहणाऱ्याच्या नजरेची असते. भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड टाल्मी यांनी अशा प्रयोगांचा काल्पनिक गती या नावाने सविस्तर अभ्यास केला आहे. मराठीतही रस्ता ‘जातो’ आणि वाट ‘वळते’, त्यामुळे हे प्रयोग आपल्याला परके वाटू नयेत. करार किंवा विम्याची मुदत पाच वर्षे ‘रन’ होते, हे त्याच नजरेचे काळावर केलेले रूपांतर आहे.

एक प्रयोग मात्र वेगळा ठेवायला हवा. ‘द वेल रॅन ड्राय’ या वाक्यात ‘रन’चा अर्थ जवळजवळ ‘होणे’ असा आहे. विहीर कोरडी पडली, साठा कमी पडला, कार्यक्रमाला उशीर होत आहे, अशा सर्व ठिकाणी ‘रन’नंतर विशेषण येते आणि हळूहळू एखाद्या अवस्थेला पोहोचल्याचे सुचवले जाते. मराठीत हे काम बहुधा ‘पडणे’ आणि ‘होणे’ करतात. इथे ‘धावणे’ वापरून केलेला अनुवाद हमखास फसतो.

आपापल्या क्षेत्रात हा शब्द कसा वापरला जातो, हे सदस्यांनी अवश्य लिहावे.

प्रतिसाद

उत्तम धागा. चर्चेला पूरक म्हणून क्रिकेटचे उदाहरण देतो. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये गुणांची नोंद काठीवर खाचा पाडून ठेवत असत आणि एका गुणाला ‘नॉच’, म्हणजे खाच, असेच म्हणत. पुढे ज्या कृतीमुळे खाच पाडली जाई त्या कृतीचेच नाव गुणाला मिळाले. मराठीने ‘धाव’ हा शब्द स्वीकारला आणि त्यावरून धावसंख्या, धावफलक, धावचीत असे सुबक शब्द घडवले. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की चेंडू सीमेपार गेल्यावर कोणीही धावत नाही, तरीही चार किंवा सहा ‘धावा’ मिळतात. म्हणजे या अर्थातही धावणे मागे पडून केवळ मोजमाप उरले आहे, आणि ते इंग्रजीइतकेच मराठीतही घडले आहे.

प्रतिसाद

मी अनुवादाचे काम करते आणि धागाकर्त्यांच्या मुख्य मताशी पूर्णपणे सहमत होऊ शकत नाही. अखंड गतीची जाण ‘रन’ एकटा असताना उपयोगी पडते. परंतु त्याच्यापुढे एखादे छोटे अव्यय आले की ती जाण फारशी मदत करत नाही. ‘रन डाऊन’ हे एकच उदाहरण घ्यावे. बॅटरी ‘रन डाऊन’ होते म्हणजे उतरते, वाहन माणसाला ‘रन डाऊन’ करते म्हणजे उडवते, एखाद्याला त्याच्या माघारी ‘रन डाऊन’ करणे म्हणजे त्याची निंदा करणे, हरवलेला कागद ‘रन डाऊन’ करणे म्हणजे शोधून काढणे, आणि इमारत ‘रन-डाऊन’ असते म्हणजे तिची दुरवस्था झालेली असते. ‘रनडाऊन’ हे नाम म्हणून आले तर त्याचा अर्थ मुद्द्यांचा धावता आढावा असा होतो. या सहा अर्थांना जोडणारा एकच धागा दाखवता येईलही, परंतु तो माहीत असल्यामुळे समोरच्या वाक्यात कोणता अर्थ आहे हे ओळखता येत नाही. तेच ‘रन इन’चे. नवे इंजिन सुरुवातीला सावकाश चालवून रुळवण्याला ‘रन इन’ म्हणतात आणि कोणाशी खटका उडाला तर त्यालाही ‘रन-इन’ म्हणतात. हे प्रयोग संदर्भासह शिकावेच लागतात, असा माझा अनुभव आहे.

धागाकर्त्याचे उत्तर

आपला मुद्दा महत्त्वाचा आहे. संदर्भ पाहावाच लागतो हे मला मान्य आहे. तरीही अव्ययांमागेही काही सुसंगती आहे असे मला वाटते. ‘आउट’ बहुतेकदा संपण्याकडे नेते : साठा, संयम, मुदत, वेळ हे सर्व ‘रन आउट’ होतात. ‘इंटू’ आणि ‘अक्रॉस’ अनपेक्षित गाठ दाखवतात, म्हणून जुना मित्र वाटेत भेटला तर ‘रॅन इंटू’ आणि जुने पत्र हाती लागले तर ‘रॅन अक्रॉस’. ‘थ्रू’ म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत, म्हणून तालीम किंवा उजळणी. ‘ओव्हर’ म्हणजे मर्यादा ओलांडणे, म्हणून वेळेपेक्षा लांबलेली सभा आणि भांड्यातून उतू जाणारे पाणी. ‘डाऊन’मध्येही शक्ती, किंमत किंवा माणूस खाली जाण्याची दिशा चार अर्थांत दिसते. कागद शोधून काढण्याचा अर्थ शिकारीतून आलेला असावा असे वाटते, कारण सावज थकेपर्यंत पाठलाग करून पकडण्यालाही हाच शब्द आहे. अव्ययाची दिशा ओळखली की अनोळखी वाक्यातही शक्यता दोन-तीनवर येतात. निर्णय संदर्भानेच करायचा.

प्रतिसाद

शिवणकामातील ‘रनिंग स्टिच’ला मराठीत ‘धावदोरा’ म्हणतात, ते इथे नोंदवावेसे वाटते. सुई कापडातून वरखाली होत सरळ पुढे जाते आणि दोरा कुठेही मागे वळत नाही, म्हणून तो धावदोरा. मागे वळतो तो उलट टाका. आपण म्हणता तो अखंडपणा या शब्दात नेमका उतरला आहे. ‘धावते वर्णन’ आणि ‘धावपट्टी’ हेही याच जातीचे शब्द.

प्रतिसाद

संगणकाच्या क्षेत्रातील एक बारकावा सांगतो. रोजच्या बोलण्यात एखादा प्रोग्राम ‘रन’ होत आहे म्हणजे तो चालू आहे, एवढाच अर्थ असतो. कार्यप्रणालीच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या) परिभाषेत मात्र ‘रनिंग’ ही एक काटेकोर अवस्था आहे. तिथे प्रत्येक प्रक्रिया एक तर आपल्या पाळीसाठी तयार असते, एक तर काही मिळण्याची वाट पाहत थांबलेली असते, किंवा प्रत्यक्ष प्रोसेसरवर असते. आणि फक्त या शेवटच्या अवस्थेला ‘रनिंग’ म्हणतात. त्यामुळे पडद्यावर शंभर गोष्टी चालू दिसत असल्या तरी एका क्षणी परिभाषेतल्या अर्थाने ‘रनिंग’ असणाऱ्यांची संख्या प्रोसेसरच्या गाभ्यांच्या क्षमतेपुरतीच असते. बाकीच्या प्रक्रियांना इतक्या झपाट्याने पाळी मिळत राहते की आपल्याला सर्व एकाच वेळी चालल्याचा भास होतो. मराठीत तांत्रिक लेखन करताना दोन्हींना ‘चालू’ म्हटले की वाचकाची दिशाभूल होते. म्हणून दुसऱ्या अर्थासाठी ‘कार्यरत’ हा शब्द राखून ठेवावा, असे मी सुचवतो.

प्रतिसाद

आर्थिक विषयांवर वाचताना ‘बँक रन’ हा शब्द वारंवार येतो. ठेवीदारांचा विश्वास उडाला की ते एकाच वेळी पैसे काढायला धाव घेतात. बँकेने ठेवींचा मोठा भाग दीर्घ मुदतीच्या कर्जांत किंवा रोख्यांत गुंतवलेला असल्यामुळे एरवी सुस्थितीत असलेली बँकही अशा वेळी कोसळू शकते. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनमधील नॉर्दर्न रॉक बँकेच्या शाखांबाहेर लागलेल्या लांब रांगा अनेकांना आठवत असतील. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेतून मात्र ठेवीदारांनी एका दिवसात सुमारे ४२ अब्ज डॉलर काढण्याचा प्रयत्न केला आणि त्यांतील बहुतेकांनी जागेवरून न उठता तो केला. धावणारी माणसे दिसेनाशी झाली तरी शब्द टिकून आहे, कारण त्यातली घाई आणि एकाच दिशेने जाणारा लोंढा तसाच आहे. म्हणजे इथे धागाकर्त्यांनी बाजूला ठेवलेला वेग पुन्हा केंद्रस्थानी येतो, याकडे लक्ष वेधू इच्छितो. एखाद्या वस्तूला एकाएकी मोठी मागणी आली तर तिलाही ‘अ रन ऑन’ म्हणतात. मराठीत ‘झुंबड’ हा शब्द दोन्ही ठिकाणी शोभतो.

प्रतिसाद

निवडणुकीच्या संदर्भातही हा शब्द दोन देशांत वेगळा वागतो. अमेरिकेत उमेदवार अध्यक्षपदासाठी ‘रन’ करतो. ब्रिटनमध्ये उमेदवार परंपरेने संसदेसाठी ‘स्टँड’ करतो. मराठी इथे ब्रिटिश वळणाची आहे, कारण आपल्याकडेही उमेदवार निवडणुकीला उभा राहतो. अमेरिकी प्रयोगामागे शर्यतीची प्रतिमा आहे, आणि उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराला ‘रनिंग मेट’ म्हणतात तो शब्द तर थेट घोड्यांच्या शर्यतीतून आला आहे. मुख्य घोड्याला वेग धरता यावा म्हणून त्याच तबेल्यातील जो दुसरा घोडा पळवत, त्याचे ते नाव. ‘रनर-अप’ हा शब्दही असाच शिकारी कुत्र्यांच्या शर्यतींतून आलेला आहे : फक्त अंतिम फेरीत हरलेला कुत्रा तो ‘रनर-अप’. अमेरिकी बातमीचा अनुवाद करताना ‘अध्यक्षपदासाठी धावत आहेत’ असे लिहिलेले मी वाचले आहे. असे वाक्य मराठी वाचकाला काहीही सांगत नाही.

प्रतिसाद

सर्वांचे आभार, चर्चा वाचून बरेच शिकायला मिळाले. एक शंका आहे. ‘इन द लाँग रन’चे भाषांतर कोणी ‘दीर्घकाळात’ असे करते, कोणी ‘शेवटी’ असे, तर कोणी ‘कालांतराने’ असे. यांतील कोणते योग्य?

धागाकर्त्याचे उत्तर

ते कोणत्या लेखनात आले आहे त्यावर अवलंबून आहे. सर्वसाधारण लेखनात ‘पुढे जाऊन’ किंवा ‘कालांतराने’ हे शब्द चांगले काम देतात. ‘शेवटी’ मी टाळेन, कारण त्यात एक ठरावीक शेवट गृहीत धरलेला असतो, आणि ‘लाँग रन’मध्ये तसा शेवट नसतो. मूळ प्रतिमा लांबवर जाण्याची आहे आणि तिला मराठीतला ‘पल्ला’ हा शब्द फार जवळचा आहे, कारण त्यातही अंतर आणि टिकून राहणे या दोन्ही गोष्टी आहेत. ‘हा निर्णय लांबच्या पल्ल्यात हिताचा ठरेल’ हे वाक्य मला नैसर्गिक वाटते.

अर्थशास्त्राच्या लेखनात मात्र ‘दीर्घकाळ’ आणि ‘अल्पकाळ’ हेच रूढ पारिभाषिक शब्द वापरावेत आणि त्यांचा वर्षांशी संबंध नाही हे ध्यानात ठेवावे. ज्या कालावधीत उत्पादनाचा निदान एक घटक, उदाहरणार्थ कारखान्याची इमारत किंवा यंत्रसामग्री, बदलता येत नाही तो अल्पकाळ, आणि सर्वच घटक बदलता येतात तो दीर्घकाळ. हातगाडीवरच्या विक्रेत्याचा दीर्घकाळ काही आठवड्यांचा असू शकतो, तर वीजनिर्मिती केंद्राचा अल्पकाळ कित्येक वर्षांचा. म्हणून अशा मजकुरात ‘लाँग रन’च्या जागी ‘बऱ्याच वर्षांनी’ असे लिहिले, तर वाक्य वाचायला सोपे होते पण सिद्धान्त चुकतो.